संदिग्ध आणि ससंदेह : अद्भुत खेळकथांतील देवतांच्या अस्तित्वाचा प्रश्न

(1)

अद्भुतकथांवर आधारलेले खेळ हा साहित्याभ्यासाचा विषय होऊ शकतो की नाही, हा वाद आता मागे पडला आहे असे मानून पुढे जावयास हरकत नाही. टेबलाभोवती बसून, फासे टाकून खेळावयाचे खेळ असोत किंवा संगणकावर एकट्याने खेळावयाचे असोत, त्यांत कथा असते, पात्रे असतात आणि बहुधा देवही असतात. ह्या देवांविषयी एक प्रश्न वर्गातील चर्चेत पुन:पुन्हा निघतो. ते खरोखरच आहेत असे कथेने स्पष्ट सांगावे, की ते आहेत किंवा नाहीत याविषयी खेळाडूला अखेरपर्यंत साशंक ठेवावे? विद्यार्थ्यांचा कल सामान्यत: दुसऱ्या पक्षाकडे असतो. अस्तित्व संदिग्ध ठेवले म्हणजे कथेला प्रौढता येते, धर्माचे चित्रण आपल्या अनुभवाच्या जवळ जाते, उलट निश्चितपणे असणारे देव हे केवळ अधिक बलवान अशी पात्रेच होऊन बसतात, अशी ह्या पक्षाची भूमिका थोडक्यात सांगता येईल.

काही वर्षांपूर्वी प्रस्तुत लेखकाचे मतही याहून वेगळे नव्हते. आता ते अपुरे वाटते, आणि याचे कारण असे की ‘संदिग्धता’ ह्या एकाच शब्दाखाली आपण दोन भिन्न गोष्टी एकत्र करीत आहोत. आपल्या साहित्यशास्त्राने ह्या दोन गोष्टी फार पूर्वीच वेगळ्या केल्या होत्या. मम्मटाच्या ‘काव्यप्रकाशा’त ‘संदिग्ध’ हा दोषांच्या यादीत येतो, तर ‘ससंदेह’ हा अलंकारांच्या. दोन्ही ठिकाणी वाचक दोन पर्यायांच्या मध्ये उभा असतो, हे खरे. परंतु संदिग्ध दोषात त्याला तेथे उभे करतो तो शब्दाचा ढिलेपणा. कवीला दोहोंपैकी काय अभिप्रेत आहे, हेच कळत नाही. ससंदेहात संशय हाच कवीला अभिप्रेत असतो, आणि तो अत्यंत स्वच्छ शब्दांत मांडलेला असतो. हे मुख आहे की चंद्र, असा संशय ज्याला पडतो तोही तेथे स्पष्ट असतो आणि संशयाच्या दोन्ही बाजूही स्पष्ट असतात.

अलंकारशास्त्रातील ही संज्ञा तिच्या मूळ क्षेत्राबाहेर नेली जात आहे याची जाणीव ठेवून असे म्हणता येईल की, खेळकथेने आपल्या देवांचे अस्तित्व संदिग्ध ठेवू नये; ठेवावयाचेच तर ते ससंदेह ठेवावे, आणि तेही ज्या कथेला त्या संशयाची गरज आहे अशाच कथेने. हे विधान कशावर आधारले आहे, ते पुढे पाहू.

(2)

आरंभ भाषेपासून करणे सोयीचे होईल. ‘टेकडीपलीकडे देऊळ आहे’ आणि ‘टेकडीपलीकडे देऊळ आहे म्हणे’ ह्या दोन वाक्यांतील फरक मराठी बोलणाऱ्या लहान मुलालाही कळतो. दुसऱ्या वाक्यात देवळाविषयीची माहिती तीच आहे. फक्त तिची जबाबदारी बोलणाऱ्याने आपल्या अंगावर घेतलेली नाही. तुर्कीसारख्या भाषेत हा भेद क्रियापदाच्या रूपातच सामावलेला असतो. माहिती पाहिलेली की ऐकलेली, हे सांगणाऱ्या अशा व्याकरणिक साधनांना भाषाविज्ञानात पुरावादर्शक म्हणता येईल. कादंबरीकाराला ही दोन्ही वाक्ये उपलब्ध असतात. निवेदकाच्या तोंडी ‘आहे’ घालावे की पात्राच्या तोंडी ‘आहे म्हणे’ घालावे, हे तो ठरवितो. त्स्वेतान तोदोरोव्ह यांनी 1970 साली अद्भुत साहित्याची जी मीमांसा केली, तीत वाचकाची द्विधा अवस्था हेच ह्या साहित्यप्रकाराचे लक्षण मानले आहे. घटनेचा उलगडा एका बाजूने झाला की तोदोरोव्ह यांच्या मते तो प्रकार संपतो.

खेळकथेत मात्र निवेदक आणि पात्रे यांखेरीज एक तिसरा वक्ता असतो, तो म्हणजे नियम. अमुक मंत्र म्हटला असता जखमी पात्राचे इतके हिट पॉइंट्स भरून येतात, असे नियमग्रंथ सांगतो. ह्या वाक्याला ‘म्हणे’ जोडता येत नाही. टेबलाभोवतीचा कोणीही खेळाडू त्यावर अविश्वास दाखवू शकत नाही, कारण त्यावर अविश्वास दाखविणे म्हणजे खेळच न खेळणे होय. खेळातील पात्रांनी देवांविषयी कितीही शंका व्यक्त केल्या आणि कितीही परस्परविरोधी पुराणे सांगितली, तरी नियमाने एकदा ‘आहे’ म्हटले की त्या शंका शोभेच्या ठरतात.

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ 1974 साली प्रसिद्ध झाला. देवाच्या नावाने मंत्र चालविणारा क्लेरिक हे पात्र त्यात पहिल्यापासून होते. पुढे 1976 आणि 1980 साली त्या खेळासाठी देवतांचे स्वतंत्र ग्रंथ निघाले. त्यांत ग्रीक आणि नॉर्स देवांबरोबर आपल्याकडील इंद्र, अग्नी, वरुणही आले, आणि प्रत्येकाच्या नावापुढे त्याचे हिट पॉइंट्स छापलेले होते. देवाला हिट पॉइंट्स देणे यापेक्षा ठाम ‘आहे’ कोणत्याही धर्मशास्त्रज्ञाला म्हणता आलेले नाही. अर्थात् जे मोजले जाते ते वजाही करता येते, आणि पुष्कळ खेळाडूंनी ह्या ग्रंथांचा अर्थ तसाच घेतला.

निश्चितीचा याहून सौम्य प्रकार पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स ह्या संस्थेने 2020 साली प्रसिद्ध केलेल्या ‘राजी : ॲन एन्शंट एपिक’ ह्या संगणकीय खेळात पाहावयास मिळतो. असुरांनी पळविलेल्या धाकट्या भावाला शोधणाऱ्या मुलीची ही कथा आहे, आणि ती आपल्याला सांगतात दुर्गा आणि विष्णू. येथे निवेदकच देव असल्यामुळे देव आहेत की नाहीत हा प्रश्न खेळाडूच्या मनात उद्भवूच शकत नाही. तो उद्भवू नये हे ह्या कथेला योग्यही आहे. तिचा ताण भाऊ सापडेल की नाही यावर उभा आहे.

(3)

देव निश्चितपणे आहेत अशा जगात भाषेचे काय होते, ते पाहण्यासारखे आहे. एड ग्रीनवुड यांनी निर्मिलेले ‘फरगॉटन रेल्म्स’ हे जग 1987 पासून खेळाच्या रूपाने प्रसिद्ध झाले. 1989 साली आलेल्या कादंबऱ्यांत तर तेथील देव पदच्युत होऊन मर्त्य देहाने पृथ्वीवर हिंडताना दाखविले आहेत. रस्त्यावर त्यांची गाठ पडते, आणि त्यांपैकी काही मरतातही. अशा जगात आपला ‘देव जाणे’ हा वाक्प्रचार आपल्या अर्थाने वापरता येणार नाही. आपण तो ‘कोणासच ठाऊक नाही’ अशा अर्थी वापरतो. तेथे त्याचा अर्थ ‘जाऊन विचारा’ असा होईल.

‘नास्तिक’ ह्या शब्दाची गत याहून उद्बोधक आहे. पाणिनीने हा शब्द ‘नास्ति’ ह्या पदापासून साधला, आणि टीकाकारांनी त्याचा अर्थ परलोक नाही असे मानणारा, असा लावला. शब्दाच्या पोटातच अस्तित्वाचा नकार आहे. परंतु ज्या जगात देव रस्त्यावर दिसतात तेथे ‘नास्ति’ म्हणणारा मनुष्य केवळ अज्ञ ठरेल. म्हणून त्या जगातील अश्रद्ध म्हणजे देव आहेत हे जाणूनही कोणाचीच उपासना न करणारा. 2007 साली आलेल्या ‘मास्क ऑफ द बिट्रेयर’ ह्या खेळात अशा अश्रद्धांचे आत्मे मृत्यूनंतर एका भिंतीत चिणले जातात, आणि त्या भिंतीचा अन्याय हाच कथेचा गाभा आहे. येथे शिक्षा होते ती चुकीच्या ज्ञानाबद्दल नव्हे, स्वामित्व नाकारल्याबद्दल. श्रद्धेची जागा निष्ठेने घेतली आहे, आणि पाखंडाची जागा राजद्रोहाने.

यामुळे कथा उथळ झाली का? तसे दिसत नाही. भिंत पाडणे खेळाडूच्या हाती नाही. तरी तिच्याविरुद्ध उभे राहावे की नाही, हे त्याला ठरवावे लागते. 2023 च्या ‘बाल्डर्स गेट 3’ मधील शॅडोहार्ट ही शार ह्या देवतेची उपासिका घ्या. शार आहे याविषयी तिला वा आपल्याला तिळमात्र शंका नाही. ह्या देवतेच्या सेवेसाठी आपली स्मृती पुसली गेली आहे, आणि आता एका बंदिनीचा प्राण घेण्याची आज्ञा होत आहे, एवढे तिला ठाऊक असते. आज्ञा पाळावी की मोडावी, हा तिचा पेच शारच्या असण्यामुळेच तीव्र होतो. महाभारतात ब्राह्मणवेषाने आलेला याचक इंद्रच आहे, हे कर्णाला सूर्याने आधीच सांगितलेले असते. इंद्र आहे की नाही हा त्याचा प्रश्न नसून इंद्राला कवचकुंडले द्यावीत की नाहीत, हा आहे. निश्चित देव कथेला पोरकट करतात ह्या मताला एवढी दोन उदाहरणे पुरेशी आहेत. अस्तित्वाचा प्रश्न मिटला की योग्यतेचा प्रश्न मोकळा होतो, आणि ज्या कथेला योग्यतेविषयी बोलावयाचे आहे तिने अस्तित्वावर धुके पसरण्याचे कारण नाही.

(4)

मग संशयाची गरज कोणत्या कथेला असते? याचे उत्तर प्रस्तुत लेखकाला ग्रंथांतून मिळाले नाही. ते एका टेबलापाशी मिळाले. गेल्या वर्षी काही विद्यार्थ्यांचा खेळ पाहावयास बसण्याचा योग आला होता. खेळ चालविणाऱ्यास खेळाडू ‘डंजन मास्टर’ म्हणतात. आपल्या रंगभूमीवरील ‘सूत्रधार’ हा शब्द त्याला चपखल बसतो. प्रसंग असा होता की, एक जळते कोठार, आत अडकलेला सोबती आणि बाहेर मंत्र संपलेली क्लेरिक. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या 2014 च्या नियमांप्रमाणे दहाव्या पातळीच्या क्लेरिकला अशा वेळी देवाचा धावा करता येतो. शतमानाचे फासे टाकावयाचे. आलेला आकडा पातळीइतका वा त्याहून कमी असेल तर देव धावून येतो. म्हणजे दहाव्या पातळीला शंभरात 10 इतकीच आशा असते. क्लेरिकची भूमिका करणाऱ्या विद्यार्थिनीने फासे टाकले आणि 7 आले. सूत्रधाराने एवढेच सांगितले की, आभाळ अकस्मात् भरून आले आणि पाऊस कोसळू लागला. ती ओरडली, ‘‘देव पावला!’’ शेजारचा तितक्याच उत्साहाने म्हणाला, ‘‘फासा पावला!’’ सूत्रधार काहीच बोलला नाही.

ह्या दोन उद्गारांत ‘पावणे’ हे एकच क्रियापद आहे, आणि त्याचा विचार करण्यासारखा आहे. मराठीत ‘देव पावला’ असे आपण फळ मिळाल्यानंतर म्हणतो. पावणे याचा अर्थच असा की ते न घडण्याचीही शक्यता होती. नवस बोलताना देव पावेल की नाही हे ठाऊक नसते. जो नियमाने, दरवेळी, ठरलेल्या मापाने पावतो त्याच्या संदर्भात हे क्रियापद शोभत नाही. नळ सोडला असता पाणी आले तर आपण ‘नळ पावला’ म्हणत नाही. म्हटलेच तर थट्टेने म्हणतो. क्लेरिकचे नेहमीचे मंत्र ह्या नळासारखे असतात. फाशावर सोडलेला धावा तसा नसतो. नियमाच्या शब्दांत देव हस्तक्षेप करतो असे स्पष्ट असले, तरी नियमाची रचना शब्दांहून अधिक संयमी आहे. ती योगायोगाला जागा ठेवते, आणि त्या जागेत पात्राची श्रद्धा व शेजाऱ्याचा अविश्वास एकाच वेळी उभे राहू शकतात. पाऊस देवाने पाडला की तो पडणारच होता, हे जळत्या कोठाराबाहेर उभ्या असलेल्या क्लेरिकला कळण्याचा मार्ग नाही. तिने मात्र धावा करण्याचे ठरविले होते, आणि उरलेली एकमेव संधी त्यावर खर्च केली होती.

2024 च्या सुधारित नियमांत हा फासा काढून टाकण्यात आला. दहाव्या पातळीची क्लेरिक आता त्याच संधीचा उपयोग करून ठरावीक मर्यादेतील कोणताही आपला मंत्र निश्चितपणे चालवू शकते. खेळाच्या सोयीच्या दृष्टीने हा बदल समजण्यासारखा आहे. जी संधी शंभरात नव्वद वेळा फुकट जाते ती खेळाडू वापरण्याचे टाळतात. परंतु व्याकरणाच्या दृष्टीने एक क्रियापद गेले. आता देव पावत नाही, तो चालतो.

(5)

वरील खेळ ज्या जगात चालला होता ते एबेरॉन हे जग कीथ बेकर यांनी निर्मिले असून त्याचा मूळ ग्रंथ 2004 साली निघाला. देवांविषयी साशंकता हे त्याचे जाणूनबुजून ठेवलेले वैशिष्ट्य आहे. येथील देव पृथ्वीवर उतरत नाहीत. सार्वभौम देवमंडळाचे उपासक आहेत, रौप्य ज्वालेचे आहेत, आणि देवत्व आपल्याच रक्तात शोधणारा व्होलचा संप्रदायही आहे. ह्या सर्वांच्या क्लेरिकांना मंत्र सारख्याच सामर्थ्याने चालविता येतात. इतकेच नव्हे, तर आपल्या संप्रदायाच्या शिकवणुकीविरुद्ध वागणाऱ्या क्लेरिकचेही सामर्थ्य नष्ट होत नाही. मूळ खेळात देव रागावला की मंत्र जातात, अशी समजूत होती. ती येथे मुद्दाम तोडली आहे.

ही रचना आपल्याकडील मीमांसकांच्या विचाराशी आश्चर्यकारक रीतीने जुळते. शबरस्वामींच्या भाष्यातील नवव्या अध्यायाच्या देवताधिकरणात असे प्रतिपादन आहे की, देवतेला शरीर नाही, ती हवि भक्षण करीत नाही आणि फळही देत नाही. फळ मिळते ते विहित कर्मापासून, अपूर्वाच्या द्वारा. मग यज्ञात देवतेचे स्थान कोणते? ज्याला उद्देशून आहुती द्यावयाची ते. देवता ओळखावयाची ती मुख्यत: चतुर्थी विभक्तीवरून वा तद्धित प्रत्ययावरून. तिला कर्त्याची प्रथमा लागत नाही. एबेरॉनमधील क्लेरिकची उपासना नेमकी अशी आहे. देव तिच्या वाक्यात चतुर्थीत असतो, आणि क्रियेचा कर्ता कोण, हे वाक्य सांगत नाही.

येथे एक भेद नोंदविणे अवश्य आहे. मीमांसकाला संशय नाही. फळ कर्माचे हे त्याचे निश्चित मत आहे. एबेरॉनमध्ये मात्र कर्ता रिकामा ठेवलेला आहे, आणि ती रिकामी जागा सर्वांना दिसते. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’मधील ‘कम्यून’ ह्या मंत्राने देवाला तीन प्रश्न विचारून ‘होय’ वा ‘नाही’ अशी उत्तरे मिळविता येतात. ह्या एका मंत्राने सारी साशंकता कोसळावयास हवी होती. परंतु 2014 च्या नियमात हे उत्तर देव किंवा त्याचा प्रतिनिधी देतो, असे म्हटले आहे. प्रतिनिधीने आपल्या स्वामीला पाहिले आहे काय, हा प्रश्न त्या ‘किंवा’च्या आडून पुन्हा उभा राहतो. रौप्य ज्वालेच्या बाबतीत तर हा पेच कथेतच विणलेला आहे. ज्वाला डोळ्यांना दिसते; तीतून तिरा मिरॉनचा आवाज भक्तांना मार्ग दाखवितो, पण त्याच ज्वालेत बेल शालोर हा असुरही जखडलेला असून तोही कुजबुजतो. ज्वालेच्या अस्तित्वाबद्दल वाद नाही. आत्ता कानावर पडलेले शब्द दोघांपैकी कोणाचे, हे ऐकणाऱ्याने ठरवावयाचे आहे, आणि चुकल्यास त्याचे मोल माणसांच्या प्राणांनी द्यावे लागते. हा ससंदेह होय. संशयाच्या दोन्ही बाजू येथे नाव घेऊन सांगता येतात.

(6)

संगणकीय खेळांत हा अलंकार सर्वांत नेटकेपणे साधला आहे तो बायोवेअर ह्या संस्थेच्या 2009 सालच्या ‘ड्रॅगन एज : ओरिजिन्स’ ह्या खेळात. त्यातील चँट्री हा धर्मसंघ एका निर्मात्याला मानतो. ह्या निर्मात्याने जगाकडे पाठ फिरविली आहे, अशी त्याची शिकवण आहे. खेळाच्या नियमांत ह्या निर्मात्याला कोठेही स्थान नाही. जादू आहे, पण ती जादूगारांची. चँट्रीचे धर्मगुरू मंत्राने कोणाला बरे करीत नाहीत. नियम गप्प राहिल्यामुळे पात्रांच्या ‘म्हणे’ला प्रथमच खरे वजन येते.

ह्या पार्श्वभूमीवर एक सरदार मरणशय्येवर असतो, आणि संत अँड्रास्टेच्या अस्थींची चिमूटभर राख त्याला वाचवील, असा लोकांचा विश्वास असतो. खेळाडू अनेक परीक्षांतून जाऊन ती राख आणतो, आणि सरदार बरा होतो. ‘बरा होतो’ ह्या अकर्मक क्रियापदाकडे वाचकांनी लक्ष द्यावे. ‘निर्मात्याने बरे केले’ असे कथा म्हणत नाही. ‘राखेतील द्रव्याने बरे केले’ असेही म्हणत नाही. पण दोन्ही सकर्मक वाक्ये ती आपल्यापुढे ठेवते. ऑग्रेन हा खाणींच्या देशातला बुटका सोबती असला तर तो त्या डोंगरातील लिरियम ह्या जादूगर्भ खनिजाकडे बोट दाखवितो. निर्मात्याचा दृष्टान्त झाल्याचे सांगणाऱ्या लेलियानाला असल्या स्पष्टीकरणाची आवश्यकता वाटत नाही.

एवढ्यावर कथा थांबली असती तर ती चतुर ठरली असती, मोठी ठरली नसती. परंतु त्याच डोंगरावरील एका पंथाची अशी श्रद्धा आहे की, अँड्रास्टेने एका महासर्पिणीच्या रूपाने पुन्हा जन्म घेतला आहे. ह्या ड्रॅगनचे रक्त अस्थिकलशात ओतून राख भ्रष्ट करावी, अशी त्या पंथाच्या प्रमुखाची मागणी असते, आणि तो त्याच्या मोबदल्यात सामर्थ्य देऊ करतो. खेळाडूला ठरवावे लागते. राख केवळ राख असेल तर ओतावयास काय हरकत आहे? परंतु खेळाडूने रक्त ओतले आणि लेलियाना व विन ह्या स्त्रिया सोबत असल्या, तर त्या तेथल्या तेथे शस्त्र उपसतात. देव आहे की नाही याचे उत्तर कलश देत नाही; लेलियाना ज्या गोष्टीसाठी मरावयास तयार आहे ती तुला मान्य आहे का, एवढेच तो विचारतो. संशयाला मोल असणे म्हणजे काय, हे ह्या प्रसंगावरून स्पष्ट व्हावे.

पुढील भागात, 2014 च्या ‘इन्क्विझिशन’मध्ये, नायक एका प्रकाशमय भेगेतून बाहेर पडतो, तेव्हा त्याच्यामागे एक स्त्रीची आकृती दिसल्याचे सैनिक सांगतात. लोक तिला अँड्रास्टे समजतात आणि नायकाला तिचा दूत ठरवून त्याच्यामागे सैन्य उभे करतात. शालेय पाठ्यपुस्तकांत ससंदेहाशेजारीच शिकविल्या जाणाऱ्या भ्रांतिमान् अलंकाराची येथे आठवण होते. त्यात भ्रम निश्चित होऊन मनुष्य त्यानुसार कृती करू लागतो. लोक भ्रांतिमान् आणि खेळाडू ससंदेह, अशी ही दुहेरी योजना आहे. ती आकृती धर्मगुरू जस्टिनियाची होती असे नंतर कळते, पण त्यानेही निर्मात्याचा प्रश्न सुटत नाही. त्याने जस्टिनियाला पाठविले नसेल कशावरून, असे म्हणणाराला आपली श्रद्धा सोडावी लागत नाही.

(7)

ऑब्सिडियन ह्या संस्थेच्या ‘पिलर्स ऑफ इटर्निटी’ (2015) ह्या खेळाचे उदाहरण येथे तपासणे आवश्यक आहे, कारण ते वरील विवेचनाला आव्हान देते. त्या जगातील देव बोलतात, वर देतात, शिक्षा करतात. शेवटी असे उघड होते की, एंग्विथ नावाच्या प्राचीन लोकांनी देवांचा शोध घेतला, कोणीच सापडला नाही, तेव्हा असंख्य आत्म्यांची आहुती देऊन त्यांनीच हे देव घडविले. थाओस हा पुरुष ते रहस्य युगानुयुगे राखीत आला आहे. देव नसतील तर माणसे परस्परांना फाडून खातील, अशी त्याची भीती आहे. येथे संशयाचे निरसन होते. मग तोदोरोव्ह यांच्या दृष्टीने सारे संपावयास हवे. प्रत्यक्षात तसे होत नाही, आणि याचे कारण व्याकरणाने सांगता येते. संशय क्रियापदावरून उठून नामावर जातो. ‘आहे’ हे निर्विवाद आहे. जे आहे त्याला ‘देव’ म्हणावे काय, हे ठरवावयाचे आहे. आणि रहस्य जगाला सांगावे की थाओससारखे दडवावे, हा निर्णय त्या नामाच्या अर्थावर अवलंबून आहे.

म्हणजे संशय वाक्याच्या तीन ठिकाणी बसू शकतो : क्रियापदावर, नामावर आणि कर्त्याच्या जागेवर. निर्मात्याच्या बाबतीत तो क्रियापदावर आहे, एंग्विथांच्या देवांच्या बाबतीत नामावर, आणि राखेने वा पावसाने वाचलेल्या माणसाच्या बाबतीत कर्त्यावर. तो नेमका कोठे आहे, हे ज्या कथेला ठाऊक असते ती ससंदेह. ज्या कथेचा एक संवाद देवांना नाकारतो, दुसरा मानतो, नियम तिसरेच काही सांगतो, आणि ह्या विसंगतीवर कोणत्याही पात्राचा कोणताही निर्णय अवलंबून नसतो, ती संदिग्ध होय. अशा कथेच्या कर्त्याने ‘मी ते खेळाडूवर सोपविले आहे’ असे म्हटले, तर काय सोपविले आहे, असे समीक्षकाने विचारावयास हवे. ज्या प्रश्नाच्या उत्तराने काहीच बदलत नाही तो सोपविण्यात औदार्य नाही.

यावर असा एक आक्षेप संभवतो की, प्रत्यक्ष आयुष्यात तरी श्रद्धेच्या प्रश्नावर असा निर्णायक प्रसंग कोठे येतो? बहुसंख्य माणसे मानणे आणि न मानणे यांच्यामध्येच जन्म काढतात. मग कथेकडून अधिक का मागावे? आक्षेप खरा आहे, आणि तो पूर्णपणे खोडून काढण्याचा येथे हेतू नाही. तथापि, नुसत्या मध्ये असण्याचीही किंमत असते. आजारी मुलाच्या उशाशी अंगारा ठेवणारी आणि त्याच वेळी डॉक्टरांचे औषध देणारी आई दोहोंपैकी कशाने गुण आला हे विचारीत नाही, म्हणून तिचा संशय धूसर ठरत नाही. तिने दोन्ही केले आहे. खेळाडूलाही असे काही करावयास लावले, तर मध्ये असणेही कथेत स्पष्टपणे उतरू शकेल. आजवरच्या खेळांनी ‘एक निवडा’ यावरच अधिक भर दिला आहे, ही त्यांची मर्यादा मान्य केली पाहिजे.

(8)

तेव्हा देवांचे अस्तित्व संदिग्ध ठेवावे काय, ह्या प्रश्नाला सरसकट ‘होय’ किंवा ‘नाही’ असे उत्तर देता येत नाही. पण कोणत्याही एका खेळाविषयी ते देता येते, आणि त्यासाठी तीन गोष्टी तपासाव्या लागतात. पहिली, नियम काय बोलतो. पात्रांचे संवाद वाचण्यापूर्वी नियमग्रंथ वाचावा, कारण नियमाने ‘आहे’ म्हटले असेल तर पात्रांच्या ‘म्हणे’ला अर्थ राहत नाही. दुसरी, संशय वाक्याच्या कोणत्या ठिकाणी आहे. तिसरी, त्याचे मोल कोण देतो. ह्या तिन्हींची उत्तरे देता आली तर संशय राखलेला चांगला. ती देता येत नसतील तर देवांना सरळ रस्त्यावर आणावे आणि ते पूजेस पात्र आहेत का, हे खेळाडूला विचारावे.

त्या टेबलापाशी सूत्रधार गप्प राहिला, याचा उल्लेख वर आला आहे. खेळ संपल्यावर त्याला विचारले असता तो म्हणाला की, पाऊस कोणी पाडला हे आपण ठरविलेले नाही आणि ठरविणारही नाही. पण ती क्लेरिक आता त्या गावात देऊळ बांधणार आहे, आणि शेजारचा गडी त्यासाठी वर्गणी देण्यास तयार नाही, त्यामुळे पुढील रविवारी भांडण होणार आहे. भांडण व्हावयाचे तर संशयाच्या दोन्ही बाजू स्पष्ट असाव्या लागतात. त्या तशा होत्या.